मेण दोरीला, वंगण रेलला, तेल आसाला: शिकारी क्रॉसबोची देखभाल

शिकारी क्रॉसबोची, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याची, दोरी मागे ओढून अडकवली की ती साधारण ७० ते ९० किलोच्या ताणाने खिटीवर (दोरी धरून ठेवणाऱ्या आकड्यावर) बसते. चाप दाबला की हीच दोरी रेलवरून (बाण ठेवायच्या लांब पट्टीवरून) जेमतेम ३०-४० सेंटिमीटर धावते आणि तेवढ्याशा अंतरात बाणाला ताशी ३८५ ते ४४० किलोमीटर वेग देते. साध्या धनुष्याची दोरी हवेतून जाते. क्रॉसबोची दोरी मात्र दर खेपेला रेलवर घासत जाते. हत्याराची बरीचशी झीज या एका घासण्यातून होते, आणि वंगणाचा सगळा प्रश्नही तिथूनच सुरू होतो.

आजवर माझ्या हाताखालून जे बिघडलेले क्रॉसबो गेले, त्यात दुर्लक्षामुळे बिघडलेले कमी होते. चुकीचं तेल, चुकीच्या जागी, भरपूर ओतल्यामुळे बिघडलेले जास्त होते. घरात एक स्प्रेचा डबा असतो, त्यानेच दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी आणि क्रॉसबो असं सगळं उरकलं जातं. क्रॉसबोला तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत: मेण दोरीला, वंगण रेलला, तेल आसाला. एकीची जागा दुसरीने घेतली की नुकसान झालंच म्हणून समजा.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे दिलेले आकडे बहुतेक क्रॉसबोंना लागू पडतात, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका. काही नव्या रचनांमध्ये दोरी रेलला जवळजवळ टेकतच नाही, तिथे रेलचं वंगण लागतही नाही. निर्मात्याने जे नको म्हटलं आहे ते आपण लावायला जाऊ नये.

कामाला बसण्याआधी

दोरी ओढलेली असताना क्रॉसबोवर कोणतंही काम करायचं नाही. मेणाचा एक हातसुद्धा फिरवायचा नाही. दोरी सैल, बाण बाजूला, सेफ्टी लावलेली, आणि टोक माणसं नसलेल्या दिशेला, अशा स्थितीतच हत्यार टेबलावर घ्या. चाप चुकून सुटला आणि दोरीच्या वाटेत बोट असलं, तर ती दोरी बोट शिल्लक ठेवत नाही. पुढचा हात रेलच्या पातळीच्या वर न येऊ देण्याची सवय नेम धरताना जितकी लागते, तितकीच ती पुसापुशी करतानाही लागते.

दुसरी मर्यादा अशी की कम्पाउंड क्रॉसबोची (टोकांना कॅम नावाची चाकं आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असतात तो प्रकार) दोरी, केबल आणि कॅम बो-प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) कधीही काढायचे नाहीत. लिम्ब म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या. दोरी सैल दिसत असली तरी या पट्ट्यांमध्ये बराच ताण शिल्लक असतो. प्रेसचं काम दुकानातल्या तंत्रज्ञाचं आहे. बाकीचं जवळजवळ सगळं घरी करता येतं.

त्यासाठी लागतं ते फार नाही. दोरीच्या मेणाची कांडी, रेलचं वंगण, हलकं मशीन तेल किंवा टेफ्लॉनयुक्त तेल, धागे न सुटणारं सुती कापड, कापसाचे बोळे, कानाच्या काड्या, मऊ कोरडा ब्रश, ॲलन कीचा संच, कातड्याचा एक तुकडा, बारीक दोरा, मोजपट्टी आणि पांढऱ्या शाईचा मार्कर. आणि एक वही. वही कशाला ते पुढे कळेल.

आधी पाहा, मग पुसा

बरेच जण मेणापासून सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की पहिली दहा मिनिटं फक्त तपासणीला द्यावीत, कारण मेण लावलं की तुटलेले तंतू चिकटून बसतात आणि डोळ्यांना दिसेनासे होतात.

लिम्बपासून सुरू करा. कापसाचा बोळा सैल पिंजून घ्या आणि लिम्बच्या वरच्या, खालच्या पृष्ठभागावरून, विशेषतः कडांवरून हळूहळू सरकवा. लिम्ब फायबरग्लासच्या असतात. त्यात बारीक चीर पडली किंवा एखादी किरच उभी राहिली तर डोळ्यांना ती दिसेलच असं नाही, पण कापसाचा एखादा तंतू तिथे अडकून मागे राहतो. बोळा पुढे जातो आणि मागे एक पांढरा केस उभा दिसतो. तिथेच थांबायचं. चीर पडलेली लिम्ब पुन्हा ताणायची नाही, ‘एकच बाण मारून बघतो’ असंही करायचं नाही. उघडं बोट मात्र कडेवरून फिरवू नका. काचतंतूची किरच कातडीत शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात.

लिम्ब जिथे पुढच्या चौकटीत बसते तो खाचा आणि कॅमजवळचं टोक या दोन जागा उजेडात नीट पाहा. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर त्या फक्त रंगात आहेत की आतपर्यंत गेल्या आहेत हे घरी सांगता येत नाही. फोटो काढून ठेवा आणि तंत्रज्ञाला दाखवा.

मग दोरी. तिचे तीन भाग वेगवेगळे पाहायचे. मोकळे तंतू असलेला भाग, मधलं सर्व्हिंग (खिटीत अडकणाऱ्या आणि रेलवर घासणाऱ्या भागावर घट्ट गुंडाळलेला दोरा) आणि कॅमजवळची टोकाची सर्व्हिंग. मोकळा भाग केसाळ दिसत असेल तर मेण हवं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण एक जरी पूर्ण तंतू तुटलेला असेल तर ती दोरी संपली. मधल्या सर्व्हिंगची खालची बाजू पाहायची, कारण झीज तिथे होते आणि वरून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. छोटा आरसा धरला की काम सोपं होतं. सर्व्हिंगचे वेढे एकमेकांपासून सरकून मधे फट पडली असेल आणि आतले तंतू डोकावत असतील, तर क्रॉसबो वापरातून बाजूला ठेवा.

शेवटी दोन्ही आसांच्या टोकांची ‘ई’ आकाराची चिमुकली क्लिप जागेवर आहे का, ते बघा. ती निसटली तर आस हळूहळू बाहेर सरकतो, आणि पूर्ण ताणाखाली आस बाहेर आला तर काय होईल ते सांगायला नको. दोन्ही आसांमधलं अंतर मोजपट्टीने मोजून वहीत लिहा. नवा असतानाच्या मापापेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त फरक पडला असेल तर दोरी किंवा केबल ताणली गेली आहे, नाहीतर लिम्बमध्ये काही बिघडलं आहे. हे माप पहिल्या दिवशी कुणी लिहून ठेवत नाही आणि दोन वर्षांनी तेच हवं असतं.

दोरी आणि केबल: मेण

आजच्या दोऱ्या पॉलिथिलीनच्या अतिमजबूत तंतूंच्या असतात, डायनिमा हे त्यातलं ओळखीचं नाव. काही दोऱ्यांत त्यांच्या जोडीला व्हेक्ट्रान असतो. हे तंतू कुजत नाहीत, मग मेण कशाला? मेण दोन कामं करतं. दोरीतले शेकडो बारीक तंतू प्रत्येक बाणाला एकमेकांवर घासतात, ते घासणं मेण कमी करतं. शिवाय ते तंतूंना एकत्र धरून ठेवतं, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नाही. धूळ हा इथला खरा शत्रू. वाळूचा एक कण दोरीच्या पिळात अडकला की तो आतून करवतीसारखं काम करतो.

मेणाची गोष्ट जुनी आहे. मध्ययुगात युरोपातल्या क्रॉसबोंच्या दोऱ्या हेम्प (भांगेच्या जातीची वनस्पती) किंवा जवसाच्या धाग्यांच्या असत आणि त्यांना मधमाशांचं मेण चोळत. १३४६ साली क्रेसीच्या लढाईत ऐन वेळी पाऊस आला आणि फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जिनोवाच्या क्रॉसबोधाऱ्यांच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, असं त्या काळच्या एका बखरकाराने लिहून ठेवलं आहे. पराभवाचं ते एकमेव कारण नव्हतं, पण ओली दोरी ही तेव्हाही काळजीची बाब होती एवढं त्यातून नक्की कळतं.

आता कृती.

कोरड्या कापडाने दोरी आणि केबल पुसून घ्या. जुनं मेण काळं पडून गुठळ्या झाल्या असतील तर बारीक दोऱ्याचा एक वेढा दोरीभोवती घ्या आणि दोन्ही टोकं धरून तो दोरीवरून ओढत न्या. पुढे काळ्या मेणाची वळी गोळा होत जाते. पहिल्यांदा हे केलं की आत किती घाण साचली होती ते बघून आश्चर्य वाटतं. पेट्रोल, थिनर, अल्कोहोल यातलं काहीही दोरीवर वापरायचं नाही. दोरी बनवतानाच आत मुरवलेलं मेण त्याने निघून जातं.

मग मेणाची कांडी दोरीच्या लांबीवर हलक्या हाताने घासा. पातळ थर पुरे. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरं काम तिथेच असतं. कातड्याचा तुकडा दोरीभोवती चिमटीत धरून जोरजोरात मागेपुढे चोळायचं, कातड्यातून बोटाला ऊब जाणवेपर्यंत. त्या उबेने मेण वितळतं आणि तंतूंच्या मधे उतरतं. नुसतं वर फासून ठेवलेलं मेण पहिल्याच बाणाला उडून जातं आणि जे उरतं ते धूळ गोळा करतं. काम नीट झालं की दोरी बोटाला किंचित चिकट लागते, पण तिच्यावर पांढरे कण दिसत नाहीत आणि मोकळे केस खाली बसलेले असतात. जास्तीचं मेण कोरड्या कापडाने टिपून घ्या. केबललाही हेच करायचं. केबलला मेण लावायचं असतं हे अनेकांच्या गावीही नसतं, आणि केबल एकमेकींवर घासतात तिथेच त्या आधी झिजतात.

मेण कुठे नाही लावायचं? मधल्या सर्व्हिंगला. मेण चिकट असतं, रेलवर ते दोरीला अडवतं आणि वाटेत पडलेला प्रत्येक कण उचलून सर्व्हिंगला घासतं. त्या भागाचा हक्क रेलच्या वंगणावर आहे. काही निर्माते सर्व्हिंगसाठी वेगळं पातळ द्रव्य देतात, दिलं असेल तर तेच वापरा.

किती वेळा? हंगामात आठवड्यातून एकदा, पावसात भिजून सुकल्यावर एकदा, आणि दोरी केसाळ दिसली की त्याच दिवशी. दोरीला हात लावून बघण्याची सवय झाली की कॅलेंडर बघावं लागत नाही.

रेल: थेंब मोजून

रेलवर आधी कोरडं कापड फिरवा. जुनं वंगण काळं, चिकट होऊन बसलं असेल तर ॲल्युमिनियमच्या रेलवर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसता येतं. कापड दोरीला लागू द्यायचं नाही. रेल प्लॅस्टिकची किंवा संमिश्र असेल तर ओलसर कापडावरच भागवा. पुसून झाल्यावर कानाची काडी रेलच्या दोन्ही कडांवरून पुढून मागे न्या. कापूस कुठे अडकला तर तिथे धातूचा बारीक काटा उभा राहिला आहे. दोरी त्याच काट्यावरून दर बाणाला जाते. एखाद्याचं सर्व्हिंग दर महिन्याला एकाच जागी उसवत असेल तर मी आधी हा काटा शोधतो. स्वतः कानस किंवा पॉलिशपेपर घेऊन बसू नका. एका बाजूने रेल कणभर जरी जास्त घासली गेली तर दोरी तिरकी धावायला लागते.

वंगण लावताना दोन्ही बाजूंच्या पट्टीवर, म्हणजे दोरी जिथून सरकते तिथे, मोहरीएवढा एक-एक थेंब ठेवा आणि बोटाने पसरवा. पृष्ठभाग चमकला पाहिजे, ओला दिसता कामा नये. मधल्या सर्व्हिंगच्या खालच्या बाजूला एक थेंब चोळा. खिटीच्या दोन-तीन बोटं अलीकडे थांबा. दोरी मागे येताना वंगण आपोआप मागे आणते, आपण तिथे ओतलं तर ते सरळ चापाच्या पेटीत उतरतं.

बाण ज्या मधल्या खाचेत बसतो ती खाच कोरडी राहिली पाहिजे. तिथे वंगण गेलं की ते बाणाच्या दांडीला आणि पिसाला लागतं, धूळ धरतं आणि बाण कधी उजवीकडे, कधी खाली जाऊ लागतो. ‘स्कोप बिघडला’ (स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण) म्हणून आलेल्या एका क्रॉसबोची खाच मी नुसती पुसून कोरडी केली, आणि पुढचे तीन बाण एका मुठीत मावतील असे लागले.

साधारण रचनेच्या क्रॉसबोला दर ५ ते १० बाणांनी हा थेंब लागतो. सराव लांबला तर मधे थांबून लावा. घट्टसर जेलसारखं वंगण पातळ द्रवापेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते आहे तिथेच राहतं. व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस, खाण्याचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे ही सगळी मंडळी इथे वर्ज्य. ग्रीस थंडीत घट्ट होतं, खाण्याचं तेल चिकटून वाळतं, आणि स्प्रेतलं द्रावण दोरीतलं मेण पळवून नेतं.

चाप: हात आवरा

चापाच्या पेटीत तेल घालायचं नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच, सांगितलेलं कोरडं वंगण, सांगितल्या जागी, सांगितलं तितकं.

पेटीत खिटी असते, तिला धरणारा खटका असतो, सेफ्टी असते आणि बहुतेक आधुनिक क्रॉसबोंत एक छोटा तरफेसारखा तुकडा असतो. बाणाचं नॉक (दोरीला टेकणारं मागचं टोक) त्याला मागे ढकलत नाही तोवर तो दोरीला सुटू देत नाही. बाण नसताना दोरी सुटणं, म्हणजे ड्राय फायर, टाळण्यासाठी तो बसवलेला असतो. एकदा माझ्याकडे आलेल्या एका क्रॉसबोच्या पेटीत मालकाने दोन हंगाम भक्तिभावाने तेल सोडलं होतं. उघडली तेव्हा आत धूळ, वाळलेलं तेल आणि गवताचे तुकडे यांचा गडद तपकिरी लगदा होता, आणि हा संरक्षक तुकडा त्यात वरच्या स्थितीतच रुतून बसला होता. बाण असो वा नसो, त्या क्रॉसबोचा चाप दाबला असता तर दोरी सुटली असती. मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहेरून हत्यार आरशासारखं चकचकीत होतं.

तेव्हा चापाची निगा एवढीच: क्रॉसबो उलटा धरून, म्हणजे पेटीचं तोंड जमिनीकडे ठेवून, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. सेफ्टी अडखळत असेल, खिटीत दोरी बसल्याचा नेहमीचा आवाज बदलला असेल किंवा चाप जड लागत असेल तर तंत्रज्ञाकडे न्या. ड्राय फायर रोखणारा भाग चालतो की नाही हे बघायला रिकामा चाप कधीही ओढू नका.

आस, कॅम आणि स्क्रू

इथे काम थोडं आहे. कॅम ज्या आसावर फिरतो त्याच्या दोन्ही टोकांना, कॅम आणि लिम्बच्या मधल्या फटीत, सुईच्या टोकाने हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि बाहेर आलेलं लगेच टिपून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीनदा केलं तरी पुष्कळ झालं. बंद बेअरिंग असतील तर तेही नको. तेल दोरीवर ओघळू देऊ नका. कॅमच्या खाचेतली धूळ कोरड्या काडीने काढा. केबल जिच्यातून सरकते ती प्लॅस्टिकची सरकपट्टी असेल तर ती झिजून खाच पडली आहे का बघा. तिला रेलचंच वंगण पुरतं.

दोन्ही कॅमवर, सैल स्थितीत दोरी जिथे कॅमला सोडते तिथे पांढऱ्या मार्करने बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी एका बाजूची रेघ सरकलेली दिसली तर दोन्ही कॅम एकाच वेळी फिरत नाहीत हे एका नजरेत कळतं.

स्क्रू प्रत्येक बाणाला हादरे खातात. पुढची चौकट दस्त्याला धरणारा मोठा बोल्ट, रिकिबीचे (दोरी ओढताना पाय अडकवायच्या पुढच्या कडीचे) स्क्रू, स्कोपच्या कड्या आणि भाता अडकवायचा कंस, एवढे सरावाच्या आधी ॲलन कीने तपासा. जोर लावून आवळायचं नसतं, सैल झालेला फक्त जागेवर आणायचा असतो. वारंवार सैल होणाऱ्या स्क्रूला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) चालतं, लाल नको. लिम्बचे बोल्ट मात्र मनाने फिरवू नका. ते दोन्ही बाजूंनी अगदी सारखे लागतात आणि त्यांची मर्यादा निर्मात्याने ठरवून दिलेली असते.

बाणसुद्धा हत्याराचाच भाग

क्रॉसबो कितीही जपला आणि बाण तडकलेला असला तर सगळं व्यर्थ. कार्बनचा बाण दोन्ही हातांनी टोकांना धरा, चेहऱ्यापासून लांब ठेवून हलका वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. बारीक कडकड ऐकू आली किंवा बोटाला लांबीच्या दिशेने रेघ लागली तर त्याचे दोन तुकडे करून टाकून द्या, म्हणजे चुकूनही तो परत भात्यात येणार नाही. नॉक सैल नाही ना, त्याला चीर नाही ना, हे बघा. नॉकचा प्रकार (अर्धचंद्र, सपाट किंवा दोरी पकडणारा) निर्मात्याने सांगितला असेल तोच हवा. दोरी चुकीच्या नॉकच्या वरून किंवा खालून निसटली तर त्याचा परिणाम ड्राय फायरसारखाच होतो.

वजनाचंही तसंच आहे. अनेक शिकारी क्रॉसबोंना टोकासह बाण किमान ४०० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमच्या आसपास लागतो. जास्त वेगाच्या मोहात त्याहून हलका बाण लावला तर उरलेली सगळी ताकद लिम्ब, दोरी आणि कॅम यांना सोसावी लागते. बाण लावताना तो दोरीला टेकेपर्यंत मागे ढकला, मधे फट नको.

पाऊस, थंडी, ऊन

भिजलेला क्रॉसबो आधी कापडाने पूर्ण टिपा आणि साध्या खोलीत, हवा लागेल असा रात्रभर उघडा ठेवा. हीटरसमोर किंवा उन्हात नाही. दोरी आतून सुकल्यावरच मेण, कारण ओल्या दोरीवर मेण लावलं तर पाणी आतच कोंडलं जातं. स्क्रूंची डोकी आणि रिकीब यांच्यावरून तेलाचा हात लावलेलं कापड फिरवा. कडाक्याच्या थंडीतून घरात आलात तर क्रॉसबो पेटीतच बंद राहू द्या आणि दोन-तीन तासांनी पेटी उघडा. थंड धातूवर घरातल्या हवेतलं दव धरतं आणि ते थेट चापाच्या पेटीच्या, स्कोपच्या आतपर्यंत जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे उन्हात उभी बंद गाडी. आतलं तापमान ६० अंशांपुढे जातं. पॉलिथिलीनचे तंतू वितळायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते हे खरं, पण ताणाखाली आणि उष्णतेत ते हळूहळू लांबतात आणि पुन्हा मूळ मापावर येत नाहीत. लिम्बच्या थरांमधल्या डिंकालाही ते सोसत नाही.

दिवस संपल्यावर

ताणलेला क्रॉसबो रात्रभर तसाच ठेवू नका. सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे सरावाचा जुना बाण जवळच्या फोमच्या लक्ष्यात किंवा दगड नसलेल्या मऊ मातीत सोडणं. काही क्रॉसबोंत चरकाने दोरी उलटी सैल करायची सोय असते. तशी सोय नसेल तर हाताने किंवा ओढदोरीने (दोरी मागे ओढायला वापरतात त्या मुठीच्या दोरीने) ती हळूहळू सोडायचा प्रयत्न करू नका.

ड्राय फायर झालंच, तर ‘काही झालेलं दिसत नाही’ म्हणून पुढचा बाण लावायचा नाही. वर सांगितलेली कापसाची तपासणी करा, कॅम वाकले आहेत का बघा, आणि तरीही एकदा तंत्रज्ञाला दाखवा. लिम्बमधली चीर पुष्कळदा दहा-वीस बाणांनंतर उघडी पडते.

दोरी मागे ओढताना ओढदोरी वापरा, त्याने निम्माच जोर लागतो आणि दोन्ही बाजूंना सारखा ताण येतो. दोरी सैल असताना रेलच्या दोन्ही कडांना लागून सर्व्हिंगवर मार्करने खुणा करा. दोरी ओढून अडकवल्यावर त्या खुणा खिटीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. थोडी जरी तिरकी ओढली गेली तरी बाण बाजूला जातो, आणि सर्व्हिंगही एकाच बाजूने झिजतं.

दोरी बदलणं आणि हंगामाबाहेरची साठवण

दोरी आणि केबल यांचा संच निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदला. मुदत माहीत नसेल तर दोन वर्षांपुढे जाऊ नका, बाण कमी मारले असले तरी. फक्त दोरी बदलून जुन्या केबल ठेवल्या तर नवी आणि जुनी यांचा ताण जुळत नाही आणि कॅम मागेपुढे होतात. जुन्या दोरीचा शेवटचा बाण, नव्या दोरीची तारीख आणि आसांमधलं नवं माप वहीत लिहा.

हंगाम संपला की बाण बाहेर, स्कोपची बॅटरी बाहेर. रेल पुसून कोरडी करा, जुनं वंगण ठेवून देऊ नका, सहा महिन्यांत त्याचा गोंद होतो. दोरीला मात्र मेणाचा ताजा हात द्या. क्रॉसबो सैल स्थितीत, सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांसह पेटीत ठेवा किंवा रिकिबीने टांगा. लिम्बवर कशाचंही वजन येता कामा नये. जागा कोरडी, थंड, अंधारी आणि कुलूपबंद असावी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

पुढच्या हंगामात बाहेर काढल्यावर पहिल्या दिवशी परत कापूस, आरसा, मोजपट्टी. रेलला थेंब लावा, सरावाच्या टोकाचे बाण घ्या आणि जवळच्या अंतरापासून सुरुवात करा. पहिल्या तीन बाणांनंतर थांबून स्क्रू पाहा आणि लिम्बवरून पुन्हा कापूस फिरवा. दोरी नवी असेल तर पहिले १५ ते २५ बाण ती बसते आहे असं धरून चाला, तेवढ्यात स्कोपचे स्क्रू फिरवत बसू नका. त्यानंतर सर्व्हिंगवरच्या आणि कॅमवरच्या खुणा नव्याने करा, आसांमधलं अंतर मोजून वहीत आजच्या तारखेखाली लिहा, आणि मग स्कोप लावायला घ्या.